काटकोनातला बांध

"डोळं हायत का बटनं? बांध ढळढळीत माझ्या उसात घुसलाय!" लालासाहेबांनी काठी बांधावर आपटली.

पलीकडून धाकटा भाऊ धनाजी गरजला, "माझ्या रानात घुसलाय, दादा! वरचा दगूड तुमी कवा सरकावला, देवालाच ठावं!"

मधोमध प्रियदर्शनी उकिडवी बसली होती. लालासाहेबांची ही लेक मलकापुरात बारावीला गणित शिकवायची. रविवारी धनाजीकाकाच्या लेकीचं, संयोगिताचं लग्न होतं. आणि लालासाहेबांनी कुंडल गावभर सांगून ठेवलेलं, बांधाचा निकाल लागल्याशिवाय आपल्या घरातलं कुत्रंसुद्धा त्या मांडवात जाणार नाही. संयोगिता फोनवर रडरड रडत होती. दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या.

आजोबांनी वाटणीच्या वेळी बांध रस्त्याला काटकोनात घातला, एवढं दोघांनाही कबूल होतं. तो अजून तसाच आहे की कुणी तिरका केला, एवढंच बघायचं होतं. मोजणीवाल्यानं यंत्र लावलं, आकडे तिच्या मोबाइलवर पाठवले आणि दोघांच्या हातातल्या काठ्या बघून चहासुद्धा न घेता सटकला.

तिनं काडीनं मातीत आकडे मांडले. दोन्ही मिळतात त्या कोपऱ्यापासून रस्ता चोवीस मीटर पूर्वेला जातो, दहा उत्तरेला. बांध पन्नास पश्चिमेला, एकशेवीस उत्तरेला. पूर्व-पश्चिमेचे आकडे एकमेकांशी गुणायचे, उत्तरेचे उत्तरेशी. पश्चिम म्हणजे उणे. दोन्हींची बेरीज शून्य आली तरच काटकोन.

उणे बाराशे. अधिक बाराशे. तिनं पुन्हा गुणून पाहिलं. शून्यच!

"आबा, काका, बांध बरोब्बर काटकोनात हाय. कुणी इंचभरबी हलवला न्हाई."

दोघांचीही तोंडं पडली. इतकी वर्षं एकमेकांच्या नावानं बोटं मोडली आणि चोर कुणीच नाही! हे पचवायचं कसं? लालासाहेबांनी एक डोळा मिटून बांध न्याहाळला. तो त्यांना अजूनही तिरकाच दिसत होता. मग ते सावकाश रस्त्याकडे वळले.

"मंजी, रस्ताच वाकडा हाय!"

प्रियदर्शनीनं कपाळाला हात लावला. गेलं लग्न.

"आवं दादा," धनाजी बांध ओलांडून अलीकडं आला, "मला तर लय दिवसांचा संशय. रस्तेवाल्यांनीच आपलं दोघांचं रान खाल्लंय!"

"रविवारचं लगीन उरकू दे, धना. सोमवारी दोघं मिळून धरू त्यास्नी."