फुलीच्या जागी सही

"दिव्याकडे बघा. पापणी आम्ही धरलीय, तुम्ही फक्त हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हिरवा ठिपका पसरत पसरत सगळीकडे झाला. काहीतरी जळल्यासारखा वास आला. मास्तरांनी मुठी आवळल्या. एकावन्न वर्षांच्या आयुष्यात मैदानावर त्यांनी दोनदा हाडं मोडून घेतली होती, पण डोळ्याला कधी कोणी हात लावला नव्हता.

"झालं. आठवडाभरात जवळचं दिसायला लागेल. चष्म्याशिवाय."

बाहेर धाकटा भाऊ वाट बघत होता. लेझरचं ठाऊक असलेला घरातला तो एकटाच. खरं तर कल्पनाही त्याचीच.

मास्तर शाळेत खेळ शिकवायचे. मैदानाच्या त्या टोकाला कुणाच्या बुटाची नाडी सुटलीय, ते त्यांना या टोकावरून दिसे. हातातला कागद मात्र चार वर्षांपासून नुसता धूसर. चाळिशी लावायला ते तयार नव्हते. "पोरं आजोबा म्हणतील," म्हणत विषय हसण्यावारी न्यायचे. घरातलं वाचायचं सगळं बायकोकडे. ती कागद पुढे करी, फुली मारलेल्या जागी बोट ठेवी आणि मास्तर सही ठोकून मोकळे.

"दादा, त्या कागदांवर असतं काय?" भावाने महिन्यापूर्वी विचारलं होतं.

"विम्याचं असेल काहीतरी."

"वहिनी दर गुरुवारी तिच्या बहिणीकडे जाते ना? मी तिला दोनदा पाहिलं. हातात जाडजूड फाइल आणि बस भलत्याच दिशेची. हाक मारली तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घर अजून तुझ्याच नावावर आहे ना, तेवढं बघ."

मास्तर त्याच्यावर खेकसले. पण डोक्यात शिरलेला किडा काही निघेना. त्यांनी कपाट पालथं घातलं, फाइल मिळाली नाही. कागद समोर येई तो फक्त सहीपुरता. आणि त्या क्षणी नाकावर चष्मा चढवला असता, तर ती सावध झाली असती. लेझरचं मात्र कुणाला कळणार नव्हतं.

स्पर्धेचं निमित्त सांगून भावाकडे काढलेले चार दिवस संपले, तेव्हा ते घरी आले.

"डोळा लाल झालाय हो," बायको म्हणाली.

"मैदानावरची धूळ."

तिने थंड पाण्याची पट्टी आणून दिली.

मग दोन आठवडे मास्तरांनी न दिसण्याचं सोंग वठवलं. "वाच गं, काय छापलंय," म्हणत वर्तमानपत्र तिच्या हाती देत आणि मागे उभं राहून ओळ न् ओळ ताडून बघत. ती एक शब्दही इकडचा तिकडे करत नव्हती. त्याचाच त्यांना जास्त राग येई. किती सराईत! जवळून तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही आता दिसत होती. मन खात असणार, झोप कुठून लागेल, असं त्यांनी धरलं.

बुधवारी संध्याकाळी ती कागद घेऊन आली.

"अहो, एक सही हवी होती."

"कसली?"

"नेहमीचीच."

"वाचून दाखव की."

कागदावरचं तिचं बोट थबकलं. "कंटाळाल. सगळी कायद्याची भाषा."

"तू वाचलंस?"

"चारदा."

"मग मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही नाहीच म्हणाला असतात." ती किंचित हसली. "करा ना. ही शेवटचीच. यापुढे त्रास नाही देणार."

शेवटचीच. म्हणजे भाऊ खरं बोलत होता. घर गेलं. आता हा कागद तिच्यासमोर मोठ्याने वाचायचा, मग बघू तोंडातून काय शब्द फुटतो ते. त्यांनी पेन उचललं आणि कागद दिव्याखाली ओढला.

अक्षरं लख्ख उभी राहिली. घराचा उल्लेख कुठेच नव्हता. फुलीच्या बरोबर वर एकच ओळ छापलेली होती:

'रुग्णाच्या इच्छेनुसार यापुढील सर्व उपचार थांबवण्यास, पती या नात्याने माझी संमती आहे.'