झोळीतली सावली

बहात्तरच्या दुष्काळात राहुरीकडच्या रस्त्याच्या कामावर सावली म्हणाल तर एकच, बैलगाडीखालच्या झोळीची. मनकर्णाची धाकटी जाऊ मुक्ता लांबवर मातीच्या पाट्या वाहायची. खडी फोडता फोडता मनकर्णानं दोघींची तान्ही आळीपाळीनं झोळीत घालावीत, असं ठरलेलं. मनकर्णा दिवसभर आपलंच निजवायची आणि मुक्ता येताना दिसली, की पटकन लेकरं बदलायची. मन खायचं, पण हात ऐकायचा नाही.

वर्षानं मुक्ताचं पोरगं अंगणभर पळू लागलं. मनकर्णाच्या पोराचे पाय मात्र वाकले.

डॉक्टर म्हणाले, “मुडदूस आहे. याला ऊनच मिळालेलं दिसत नाही.”

मनकर्णानं मान खाली घातली.

मुक्ता कळवळून पुढं झाली. “आवो डाक्टर, काय बोलता! माझं लेकरू झोळीत घालून बाईंनी ह्यालाच तर रोज उन्हात ठिवलं!”