अंग झाडलं

प्रयोगशाळेत केतकी मॅडमनी उंदराला शेपटीला धरून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या मानेवर पेन्सिल आडवी दाबली. मी त्यांचा हात धरला.

“बरा झालाय ना तो? मग मारताय कशाला?”

“मारत नाही काकू, सॅक्रिफाइस करतोय आम्ही.”

“म्हणजे बळीच ना? मग रीतीने द्या.”

माझ्या मुलाच्या, हर्षलच्या जनुकात जी चूक आहे, तीच इथे मुद्दाम या उंदरात घातली होती. तोही हर्षलसारखाच पाय ओढायचा. नवं औषध टोचल्यावर मात्र तो जाळीवर चढायला लागला, म्हणून मी हट्टाने त्याला बघायला आले होते. पण औषध स्नायूंत मुरलंय की नाही, ते मांडी कापल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय औषध हर्षलला मिळणार नव्हतं.

“आमच्या गावी बोकडावर आधी पाणी शिंपडतात,” मी म्हणाले. “त्याने अंग झाडलं तर देवीने पत्करला. नाही झाडलं तर सोडायचा.”

मॅडमनी पेन्सिल उचलली. मी बाटलीतलं पाणी त्याच्या पाठीवर सोडलं. तो गप्प बसून राहिला. सुटलास रे बाबा, म्हणून माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच जिन्यात बसून राहिलेला हर्षल डोळ्यांपुढे आला.

मी पुन्हा ओतलं. मग त्याच्या कानात ओतलं. गावीही बोकड अंग झाडेपर्यंत ओततातच. तो शेपटीपर्यंत शहारला.

“झाडलं,” मी म्हणाले.

मॅडमनी पेन्सिल पुन्हा मानेवर दाबून शेपटी खेचली. मान काडीसारखी कट्‌कन मोडली. मॅडमचे डोळे भरले होते. मी कात्री त्यांच्या हातात कोंबली.

“रडताय काय? मांडी उघडा.”