खालची अक्षरं

पडद्यावर लिझेत पीठ मळू लागली आणि तिसऱ्या रांगेत रोसेर लाव्हॉयनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांताच्या सिनेमांचा पॅरिसमध्ये महोत्सव भरला होता, त्यातली ती दुपार. सिनेमा त्याच्या लेकीचा, जोझियानचा. लिझेत त्याची बायको. चित्रीकरण संपलं आणि बर्फ वितळायच्या आत ती गेली. जाण्याआधी कॅमेऱ्यासमोर तिनं नवऱ्याबद्दल काहीतरी बोलून ठेवलं होतं. रोसेर तेव्हा तिथेच होता, पण ऐन वेळी खोकला म्हणून आवाजवाल्यानं त्याला अंगणात घालवलं. पुढे गावानं तो सिनेमा जोझियानच्या लॅपटॉपवर पाहिला. "लिझेतनं तुजी काय उडवलीय रं!" म्हणून पाठ थोपटली. काय ते कुणी सांगेना, आणि लॅपटॉपवर बघायला रोसेर तयार नव्हता. "लिझेत काय येवढुशी व्हती?" गावच्या थिएटरात आता टायर विकतात. म्हणून म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला.

सिनेमा त्यांच्या गावाकडच्या फ्रेंचमध्ये होता. खाली उमटणारी अक्षरंही फ्रेंचच.

"ही काय भानगड?" रोसेर पुटपुटला.

"पपा, त्यास्नी आपलं बोलणं कळत न्हाई."

"मग सकाळी हाटेलात न्याहारी कशी आली?"

"तू बोट दाखवलंस."

लिझेतनं मटणाची पाई ओव्हनमध्ये सरकवली. "माज्या मागं ह्यानं खुशाल दुसरी करावी," ती म्हणाली आणि थांबली. ओव्हनचं दार लावलं. हात पुसले. ओट्यावरचं पीठ गोळा केलं. थांबणं ही तिची जुनी कला. त्या थांबण्यावर तिनं अख्खा संसार ताब्यात ठेवला होता.

पण अक्षरांना तेवढा धीर कुठला? खाली सबंध वाक्य आधीच हजर झालं, तेही अंघोळबिंघोळ करून: 'माझ्या पश्चात त्यांनी अवश्य पुनर्विवाह करावा, मात्र हा ओव्हन माझ्यासमवेत दफन करण्यात यावा.'

सभागृह खदखदून हसलं. त्या हशातच लिझेतचे ओठ हलले. रोसेरनं कानामागे हात धरला, पुढे वाकला. हसू ओसरलं तोवर ती पाठमोरी होऊन भांडी घासत होती.

त्याचेही डोळे खालीच गेले होते. त्यानंही वाचलंच होतं.

दिवे लागले. महोत्सवाच्या संचालिकाबाई गळ्यातला स्कार्फ सावरत मंचावर आल्या. "काय रसरशीत बोली आहे हो आपली! अगदी मातीचा गंध!" मग त्यांनी सिनेमातल्या त्या गोड बाईंच्या यजमानांना दोन शब्द बोलायची विनंती केली. माइक रोसेरच्या हातात आला.

"त्येवढं एक परत लावता का?" तो म्हणाला. "खालचं झाकून. वाचलंय म्या. ऐकायचं ऱ्हायलंय."

पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून त्याच्याकडे बघत होती. त्यांच्या नजरा त्याच्या चेहऱ्यावरून घसरल्या, सवयीनं पोटाशी जाऊन थांबल्या. तिथे अक्षरं काही उमटेनात, तेव्हा त्या जोझियानकडे वळल्या.

"काय म्हणाले बाबा?" संचालिकाबाईंनी हसतमुखानं विचारलं.

जोझियाननं बापाकडे पाहिलं. त्यानं आधीच कानामागे हात धरला होता. दाराशी पुढच्या सिनेमाची गर्दी जमली होती. तिनं त्याच्या हातातला माइक हळूच काढून घेतला.

"वडील म्हणताहेत," ती स्वच्छ पॅरिसच्या फ्रेंचमध्ये म्हणाली, "आपल्या अगत्यानं ते भारावून गेले आहेत."

तिचं वाक्य संपायच्या आतच टाळ्या पडल्या.

पॅरिसची फ्रेंच रोसेरला मात्र शब्दन् शब्द कळत होती.