मापाची हॅट

मिरियमने पितळी जाळीला नाक टेकवले. ब्रिटिश पार्लमेंटातल्या बायकांच्या सज्जातून खालचे सभागृह असेच तुकड्यातुकड्यांनी पाहावे लागे. दुसऱ्या बाकावर तिचा धाकटा भाऊ हॉरेस लिंडो बसला होता. बसलेल्या सगळ्या सभासदांसारखी त्याच्याही डोक्यावर काळी रेशमी हॅट होती, पण आज ती पार कानांवर उतरली होती. काळजीने पोरगा वाळला, असे तिच्या मनात आले. पोरगा बावन्न वर्षांचा होता.

"तुमचे बंधू मान खाली घालून बसलेत," शेजारच्या लेडी टेमरटन म्हणाल्या. "यहुदी जातभाई शपथ घ्यायला येतोय, म्हणून लाज वाटत असेल, नाही?"

"आम्ही चाळीस वर्षं चर्चला जातोय, लेडी टेमरटन. तुमच्यापेक्षा नेमाने."

ते खरेच होते. सिनेगॉगच्या पंचांशी भांडून वडिलांनी दोन्ही मुलांना बाप्तिस्म्याला नेले, तेव्हा हॉरी बारा वर्षांचा होता. चर्चच्या दाराशी त्याला टोपी काढायला सांगितले. डोके झाकल्याशिवाय देवाचे नाव घ्यायचे नाही, हेच तो जन्मल्यापासून शिकलेला. त्याने दोन्ही तळहात टोपीवर घट्ट दाबून धरले. शेवटी वडिलांनी ती हिसकली. त्यानंतर हॉरी त्याबद्दल कधी बोलला नाही. तो घोड्यावर बसायला शिकला, मोहरी लावून हॅम खायला शिकला, तीन निवडणुका हरला. त्याच्या सभांत लोक काठीला डुकराच्या मांसाचा तुकडा बांधून नाचवत. चौथ्या खेपेला तो निवडून आला. आता वसाहत खात्याचे उपमंत्रिपद हाताशी आले होते. सकाळी चहाबरोबरच पक्षाच्या प्रतोदांची चिठ्ठी आली होती : 'पद तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे. तुम्ही कुणाचे, ते आज दाखवा.'

मिरियमने ती दोनदा वाचली होती. "ते सांगतील तसं कर, हॉरी," ती म्हणाली होती. "आता कच खाऊ नकोस."

खाली गलका झाला. सॉलोमन बेलास्को आत आला होता. लिव्हरपूलचा दोरखंडांचा व्यापारी, धिप्पाड, डोके भोपळ्याएवढे. नव्या कायद्याने यहुदी सभासदाला आपल्या धर्माप्रमाणे शपथ घेता येणार होती. म्हणजे हात मोशेच्या ग्रंथावर आणि डोके झाकलेले.

पण बेलास्कोचे हात रिकामे होते. बाहेर लोकांशी हस्तांदोलन करताना त्याने हॅट बाकावर ठेवली होती. ती नाहीशी झाली होती.

त्याच्याबरोबर आलेल्या सभासदाने लगेच आपली हॅट पुढे केली. ती बेलास्कोच्या डोक्यावर पातेल्यावरच्या झाकणीसारखी बसली आणि घरंगळून खाली पडली. सभागृह खदखदले.

"टोपली आणा, टोपली!"

"पुढच्या अधिवेशनात ये रे बाबा, डोकं लहान करून!"

उद्यापासून सुट्टी लागणार होती. आज शपथ झाली नाही, तर तीन महिने गेले. काही सुचेना म्हणून बेलास्कोने आपले दोन्ही तळहात डोक्यावर घट्ट दाबून धरले.



हॉरेस उठला. उठताना सगळे काढतात तशी त्याने हॅट काढली, पण बाकावर ठेवली नाही. प्रतोदांनी त्याच्या कोटाचे टोक पकडले. "लिंडो, खाली बसा!" त्याने कोट सोडवून घेतला, मधली मोकळी जागा ओलांडली आणि हॅट बेलास्कोच्या हातात दिली.

बेलास्कोने ती घातली. ती अगदी बेतून शिवल्यासारखी बसली. हशा थांबला. शपथेचा शब्द न् शब्द वर सज्जापर्यंत ऐकू आला.

"अगंबाई," लेडी टेमरटन म्हणाल्या, "तुमच्या लोकांची डोकीसुद्धा एकाच मापाची असतात वाटतं!"

हॉरीच्या रात्रीच्या टोप्या मिरियमच विणत असे. त्याचे डोके लहान होते. पण तेव्हा तिला तेवढा विचार करायची शुद्ध नव्हती.

हॉरेस बोडक्यानेच घरी आला. पाठोपाठ चिठ्ठीही आली. पद दुसऱ्याला दिले होते.

"एका हॅटपायी!" मिरियमला रडू फुटले. "अरे, दुसऱ्या कुणी दिली नसती का?"

"दुसऱ्या कुणाला देता आली नसती," हॉरेस म्हणाला.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात बेलास्को उभा होता. डोक्यावर तीच हॅट होती आणि हातात आणखी एक.

"तुमच्या बंधूंची हॅट आणलीय, बाईसाहेब. सगळे गेले, तरी ही एकटीच खुंटीवर राहिली होती."

मिरियमने ती घेतली. आत हॉरेसच्या नावाची अक्षरे होती. तिने हळूच वर पाहिले. "मग ही तुमच्या डोक्यावर कुणाची?"

"माझीच."

तिला हॉरीच्या कानांवर उतरलेली हॅट आठवली. मग सकाळचे आपलेच शब्द आठवले : ते सांगतील तसं कर.

"सगळ्या काळ्याच असतात, चुकून बदलते, असं प्रतोद म्हणाले," हॉरेस खाली बघत म्हणाला. "मी चुकून नाही उचलली. मला क्षमा मागायची—"

"अहो, माझं काही ना काही उचलून नेणारे जन्मभर भेटले, मिस्टर लिंडो," बेलास्को म्हणाला. "भर सभेत परत आणून देणारे तुम्ही पहिलेच."