मिस्त्रींचे हात

"आला! पुन्हा आला हा 'जुना रंधा'!" सुनेने मोबाइल टेबलावर आपटला. "प्रत्येक भागाखाली तेच रडगाणं. म्हणे, हे हात मिस्त्रींचे नाहीत."

सासूबाई शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी दोरा तोडला आणि पहिल्या फटक्यात पुन्हा सुई ओवली.

"लिहू दे गं. बोलणाऱ्याचं तोंड कुणी धरलंय?"

पण सुनेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. सासऱ्यांचा 'सांध्याला सांधा' हा कार्यक्रम एके काळी दर रविवारी टीव्हीवर लागायचा. यंत्र नाही, खिळा नाही, नुसती हातची हत्यारं. तिचं लग्न झालं तोवर कार्यक्रम बंद पडला होता आणि वर्कशॉपला कुलूप लागलं होतं. माळ्यावरच्या कॅसेटी तिनेच धूळ झटकून इंटरनेटवर चढवल्या, आणि बघता बघता चाहत्यांची झुंबड उडाली. एक दंतवैद्य लिहायचा की रंध्याचा सर्र आवाज ऐकल्याशिवाय मी दवाखाना उघडत नाही. एक बाई लिहायची, "मिस्त्रींनी पटाशी उचलली की आमचं बाळ गप्प बसतं. नवऱ्याने बाळाला उचललं की दुप्पट रडतं."

सून हे सगळं चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवायची. पडद्यावरचं स्टूल जणू तिनेच घडवलं होतं, असा तिचा रुबाब. माहेरीसुद्धा ती 'मिस्त्रींची सून' म्हणूनच मिरवायची.

कार्यक्रमाची रीत ठरलेली होती. आधी सासरे खाकी शर्टात समोर बसून लाकडाच्या गोष्टी सांगत. बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मग ते म्हणत, "आता तोंड बंद, हात चालू," आणि पडदाभर फक्त हात दिसत. न अडखळणारे, न चुकणारे. एकच कॅमेरा असल्यामुळे बोलणं आधी टिपायचे आणि काम मागाहून.

'जुना रंधा' या टोपणनावाने लिहिणारा नेमकं तिथेच बोट ठेवायचा. आजही त्याने लिहिलं होतं, "बोलताना बाही मनगटाला नीट बसते. हात दिसतात तेव्हा तीच बाही दोनदा दुमडलेली. असं का बरं?"

"कामाला बसताना माणूस बाह्या दुमडतो, एवढीही अक्कल नाही!" सून म्हणाली. "बाबा, आता एक घाव दोन तुकडे. आपण लाइव्ह करू. तुम्हीच बोला आणि तुम्हीच सांधा कापा. मी कॅमेरा तसूभर हलवणार नाही."

"करू की!" सासरे लगेच म्हणाले. इतका वेळ ते खिडकीशी आपल्या मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले होते.

"काही नको," सासूबाई ताडकन म्हणाल्या. "त्यांचे हात थरथरतात आता. चारचौघांत हसं करायचंय का?"

"आई, आता माघार घेतली तर तोच खरा ठरेल. बाबांचं नाव जाईल."

सासूबाईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. सासऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

रविवारी सकाळी वर्कशॉप उघडलं. सुनेने जाळीजळमटं काढली, ओट्यावर लाकूड बसवलं, मोबाइल स्टँडला लावला. मी येणार नाही म्हणणाऱ्या सासूबाई येऊन दाराशी उभ्या राहिल्या. चाहते आधीच जमले होते. दंतवैद्याने लिहिलं, "पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून इकडे आलोय." जुना रंधा मात्र कुठे दिसेना.

"शेपूट घातली," सून पुटपुटली.

सासरे बोलले, आणि काय बोलले! लाकूड ऐकत असेल तर तेही खूश झालं असेल. मग ते म्हणाले, "आता तोंड बंद, हात चालू," आणि त्यांनी करवत उचलली.

करवत थरथरत होती. पातं रेघेवर टेकेना. एकदा घसरलं. दुसऱ्यांदा लाकडावर लांब ओरखडा उमटला. पडद्यावरची बडबड थांबली. घरच्या देवमाणसाला आपणच चव्हाट्यावर आणलं, असं वाटून सुनेला रडूच फुटायचं बाकी राहिलं. कॅमेरा बंद करायला तिने हात पुढे केला.

सासरे मात्र थांबेनात. त्यांनी करवत पुन्हा टेकवली.

"सोडा ते! लाकडाचा जीव घ्याल!"

सासूबाई दारातून तरातरा आल्या. त्यांनी कोपराने नवऱ्याला स्टुलावरून उठवलं, स्वेटरच्या बाह्या दोनदा दुमडल्या, अंगठा रेघेवर टेकवला आणि करवत ओढली.

सून बघतच राहिली. ती किंचित वाकडी करंगळी, ती आखूड नखं. हे हात ती रोज बघत आली होती, मोबाइलवरही आणि जेवणाच्या टेबलावरही. दोन्ही एकच आहेत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पटाशी चालली, सालपटं उडाली, आणि दोन लाकडं अशी बसली की मधली रेघ शोधावी लागली.

"आई... तुम्ही?"

"त्या वेळी कार्यक्रमवाल्यांना मिस्त्री हवा होता. मिस्त्रीण कुणाला हवी होती?" सासूबाईंनी फुंकर मारून भुसा उडवला. "मला चार माणसांत बोलता येत नाही आणि यांना गप्प बसता येत नाही. मग शर्ट यांचाच, हात माझे आणि तोंड यांचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, अशी शपथ मीच घातली होती यांना. बाहेर कळलं असतं तर लोकांनी यांना लबाड म्हटलं असतं. आजवर पाळली हो बिचाऱ्यांनी."

पडद्यावर आता टाळ्यांचा पाऊस चालला होता. सुनेचे डोळे भरून आले. अभिमान कुठे ठेवू नि कुठे नको, असं तिला झालं.

"आता येऊ दे म्हणावं त्या जुन्या रंध्याला!" ती म्हणाली. "बघू, काय तोंड घेऊन येतो ते."

सासरे स्टँडच्या मागे भिंतीला टेकून उभे होते. चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाशी, आणि थरथरत्या बोटाने एकेक अक्षर शोधत ते काहीतरी लिहीत होते.

पडद्यावर जुन्या रंध्याचं नाव उगवलं. पुढे एवढंच होतं, "ही माझी बायको आहे."