घरासाठी चार दगड

“अहो, हे बघा, इथंही लोक घर मागतात!” कुंदाताई हरखून म्हणाल्या. नॉर्वेतल्या त्या डोंगरावर वाटेच्या कडेला जागोजागी दगड एकावर एक रचलेले होते, आपल्याकडे देवीच्या गडावर रचतात तसेच. पुढे टूर मॅनेजर गाईडचं बोलणं मराठीत समजावत होता, पण ते ऐकायला थांबतंय कोण? कुंदाताईंनी वाट सोडून कड्याजवळची मोकळी जागा निवडली, ओल्या मातीतून दगड उपसून रचले आणि मुलाला पुण्यात फ्लॅट मिळू दे म्हणून हात जोडले.

सगळे बोटीकडे परतायला निघाले आणि धुकं उतरलं. चार हातांवरचा माणूस दिसेना. तेवढ्यात गाईड ओरडत धावली. कड्याच्या टोकाशी पोचलेल्या सोलापूरच्या आजींना तिनं दंडाला धरून मागे खेचलं.

“तुम्हीच सांगितलंत ना, धुक्यात दगडांच्या खुणेनं चला म्हणून?” आजी मॅनेजरला म्हणाल्या. “मी तशीच चालले.”

गाईडनं ते नवे दगड पायानं ढकलून दिले. “हे कोणी रचले?” मॅनेजरनं विचारलं. कुंदाताईंचे यजमान बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

उतरताना आजींनी आधाराला शेजारचा हात धरला. तो कुंदाताईंचा होता. तळव्यावरचा चिखल लागला तशा आजी थबकल्या आणि शालीच्या टोकानं तो पुसू लागल्या.

“अगं बाई, तू पडलीस का गं?”

“हो,” कुंदाताई म्हणाल्या.